गबाळ्या काठाचे धनी

भाषेने ज्या पक्ष्यांची अब्रू घेतली, त्यांत बगळ्याचा क्रमांक बहुधा पहिला लागावा. कावळ्याला पितृपक्षापुरता का होईना, मान मिळतो. बगळ्याच्या वाट्याला मात्र ‘बकध्यान’ हा शब्द आला आणि त्या एका शब्दात त्याचे सारे चारित्र्य निकालात निघाले. ओठांवर जप आणि नजर दुसऱ्याच्या गाठोड्यावर, असा मनुष्य दिसला की आपण खुशाल त्यास बगळा म्हणून मोकळे होतो. पंचतंत्रातील तो म्हातारा बगळा तर आपणां सर्वांना लहानपणापासून ठाऊक आहे. तळे आता आटणार अशी थाप मारून त्याने भोळ्या माशांना एकेक करून उचलले, खडकावर नेऊन फस्त केले, आणि अखेर खेकड्याने त्याची मान धरली. डबक्याकाठी दिसणाऱ्या मातकट ढोकरीला मराठीत ‘वंचक’ असेही नाव आहे; वंचक म्हणजे फसवणारा. आमच्याकडे हिंदीत त्याच पक्ष्याला ‘अंधा बगुला’ म्हणतात. एका भाषेने त्यास लबाड ठरविले, दुसरीने आंधळा. घरात एक भाषा व दारात दुसरी बोलणाऱ्या आम्हां मंडळींना हा दुहेरी अन्याय विशेष जाणवतो.

महाभारतकारांनी मात्र बगळ्याला निराळी भूमिका दिली आहे. वनपर्वात तहानलेले पांडव एका सरोवरावर येतात. आधी माझ्या प्रश्नांची उत्तरे द्या, मग पाणी प्या, असे एक वाणी बजावते. चौघे भाऊ एकामागून एक येतात, तिला न जुमानता पाणी पितात आणि काठावर निश्चेष्ट होऊन पडतात. शेवटी धर्मराज येतो. ती वाणी त्याला आपली पहिली ओळख देते ती बक म्हणून! यक्षाचे रूप नंतर प्रकट होते. आरंभी सरोवराचा राखणदार हा बगळाच असतो. आम्हांस हा बगळा पंचतंत्रातल्या बगळ्यापेक्षा अधिक खरा वाटतो. तो का, हे या महिन्याच्या लेखात सांगावयाचे आहे.

इंदूरकरांना सिरपूरचे तळे नव्याने सांगावयास नको. इतरांसाठी दोन शब्द. इंदूरहून धारकडे जाणाऱ्या रस्त्यालगत होळकरांच्या राज्यात बांधलेले हे तळे आहे. पावसाळ्यात ते तुडुंब भरले तरी त्याची खोली दोन मीटरांच्या आसपासच असते. एके काळी गावाबाहेर असलेल्या या तळ्याला आता शहराने चोहोंकडून वेढले आहे. मधल्या काळात त्याची फार आबाळ झाली. चित्रकार-शिल्पकार भालू मोंढे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे खटपट करून त्याला पुन्हा जीव आणला. इराणमधील रामसर गावी १९७१ साली पाणथळ जागांच्या रक्षणाचा जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या यादीत २०२२ साली सिरपूरचा समावेश झाला. त्याच वर्षी इंदूरजवळचा यशवंतसागरही त्या यादीत गेला. पुढे जानेवारी २०२५ मध्ये इंदूर आणि उदयपूर या दोन नगरांना पाणथळ-नगरी म्हणून याच कराराखाली मान्यता मिळाली. भारतातील ही पहिलीच दोन नावे. माणसाने खणलेले तळे, काळाने निसर्गाच्या ओटीत घातले, असे सिरपूरविषयी म्हणता येईल.

या तळ्यावर श्रावण-भाद्रपदात, सकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास जावे. थंडीत परदेशची बदके येतात तेव्हा गर्दी पुष्कळ असते. पावसाळ्यात येणारे थोडे. बगळे नीट पाहावयाचे ते मात्र याच दिवसांत, कारण हा त्यांचा विणीचा काळ आणि त्यांच्या अंगावर लग्नाचा पोशाख असतो. तीच मातकट, कोणाच्या खिजगणतीत नसलेली ढोकरी आता पाठीवर गर्द तांबडी-जांभळट शाल पांघरून बसलेली दिसते. म्हशींच्या पायांत घोटाळणारा गायबगळा डोक्यापासून छातीपर्यंत केशरी होतो. एरवी पांढरा तेवढा बगळा, एवढेच जाणणाऱ्या माणसाला हे पक्षी कोठून आले, असा प्रश्न पडावा.

पांढऱ्या बगळ्यांतही चार जाती आपल्याकडे सहज भेटतात आणि त्या ओळखण्यास दुर्बीणही लागतेच असे नाही. चोच काळी, पाय काळे आणि पायांची बोटे मात्र पिवळी, जणू पिवळे मोजे घातलेले, तो लहान बगळा. चोच आखूड, पिवळी व जाडसर, मान आखूड आणि संगत गुराढोरांची, तो गायबगळा. सर्वांहून उंच, मान लांबलचक व मध्येच मोडल्यासारखी, तो मोठा बगळा. त्याची पिवळी चोच विणीच्या दिवसांत काळी होते. या दोहोंच्या मधल्या उंचीचा तो मध्यम बगळा. पांढऱ्यांखेरीज पाण्यात एकटाच उभा असणारा, करड्या रंगाचा, डोळ्यावरून मागे काळी रेघ गेलेला तो राखी बगळा. दाट पाणवनस्पतींत वावरणारा, मानेवर तांबूस-काळ्या रेघा असणारा तो जांभळा बगळा. आणि दिवसभर झाडावर पेंगणारा, लाल डोळ्यांचा, काळ्या टोपीचा रातबगळा. संध्याकाळी आपण परतण्यास निघावे तेव्हा हा कामावर निघतो आणि डोक्यावरून ‘क्वॉक’ असा एकच घोगरा शब्द टाकून जातो. उडताना मान आखडून घेतलेली असली तर तो बगळा. मान सरळ पुढे ताणलेली असली तर करकोचा किंवा सारस. एवढी एक खूण मुलांना दिली तरी त्यांचा अर्धा गोंधळ मिटतो.

गायबगळ्याविषयी एक गोष्ट आम्हां मराठी मंडळींना मुद्दाम सांगावीशी वाटते. त्याचे आफ्रिकेतील भाऊबंद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अटलांटिक महासागर ओलांडून दक्षिण अमेरिकेत पोचले आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उत्तर अमेरिकेतही नांदू लागले. त्यांना कोणी नेले नव्हते. तेथे गुरे होती, कुरणे होती, म्हणून ते राहिले. शिंदे, होळकर, गायकवाड यांच्यामागून मुलूख सोडून निघालेल्या घराण्यांना ही हकीकत परकी वाटू नये. माणूस काय, पक्षी काय, जेथे पाय टेकावयास जागा मिळते तेथेच त्याचे घर होते.

आता त्या प्रसिद्ध बकध्यानाकडे वळू. बगळा निश्चल उभा राहतो हे खरे, पण त्याचे डोळे मिटलेले नसतात. पाण्यात बुडविलेली काठी वाकडी दिसते, हे आपण विज्ञानाच्या तासाला मुलांना शिकवितो. मासाही जेथे दिसतो तेथे नसतो. बगळ्याला हा फरक मनातल्या मनात वजा करून चोच मारावी लागते आणि तो ती अचूक मारतो. त्याच्या मानेतील सहावा मणका इतरांहून वेगळ्या घडणीचा असतो. त्यामुळे मान नागमोडी दुमडते आणि धनुष्याची दोरी सोडावी तशी सुटते. मासळीचा बुळबुळीतपणा पिसांना लागला तर तो काढण्याचीही सोय आहे. त्याच्या अंगावर काही पिसे अशी असतात की ती झिजून त्यांची भुकटी होते. ती भुकटी अंगाला चोळावयाची आणि मधल्या बोटाच्या नखाला कंगव्यासारखे दाते असतात, त्यांनी विंचरून टाकावयाची. पोटासाठी एवढी साधना करणाऱ्यास ढोंगी म्हणावयाचे, तर सोनाराच्या भट्टीपुढे तासन् तास वाकून बसणाऱ्या कारागिरास काय म्हणावे? बगळा काही सोंग आणीत नाही. तो आपले काम करीत असतो.

या कुळातील सर्वांत मोठा साधक मात्र आपल्या म्हणींतही सापडत नाही, कारण तो कोणाला दिसतच नाही. इंग्रजीत त्याला बिटर्न म्हणतात आणि आपल्या पक्षीमित्रांच्या तोंडीही तेच नाव रुळले आहे. ढोकरीपेक्षा किंचित लहान, आखूड मानेचा, एकलकोंडा. पाणकणसाच्या दाटीत, देठांना पायांनी धरून तो उभा असतो. चाहूल लागली की उडत नाही. मान ताणून चोच सरळ आकाशाकडे करतो. त्याच्या गळ्यावरच्या उभ्या रेघा आणि सभोवतालचे वाळके देठ एक होऊन जातात. वाऱ्याने गवत डोलू लागले तर काही बिटर्न त्यासवे डोलतातही. चोच आकाशाकडे असली तरी डोळे आपल्यावरच असतात, कारण ते चोचीच्या खालून समोर पाहू शकतील असे बसविलेले आहेत. आमच्या बाजूला पावसाळ्यात तो दिसण्याची शक्यता अधिक. उडताना सगळाच विटकरी दिसला तर तो तांबूस बिटर्न. अंग पिवळसर आणि पंखांची टोके काळी दिसली तर पिवळा बिटर्न. तिसरा काळा, मानेच्या बाजूला पिवळा पट्टा असलेला. तो त्याहून दुर्मिळ.

गेल्या भाद्रपदात आमच्या शाळेतील आठवीच्या मुलांना आम्ही सिरपुरास नेले होते. सरकारी शाळेतील मुले. कोणाचे वडील हातगाडी लावतात, कोणाची आई चार घरी स्वयंपाक करते. एका मुलाचे वडील महानगरपालिकेच्या कचरागाडीवर चालक आहेत. आमचे शहर २०१७ पासून सलग सात वर्षे देशात सर्वांत स्वच्छ ठरले, आणि या मानाचा वाटा ज्यांच्या घामाचा आहे त्यांपैकी एकाचा हा मुलगा. तळ्याच्या एका कोपऱ्यातील पाणकणसाची जुडी, त्यात अडकलेला पालापाचोळा, शेवाळ आणि चिखल पाहून त्याने नाक मुरडले. “सर, एवढे गवत कापत का नाहीत? बाबांना सांगितले तर एका दिवसात साफ होईल,” असे तो अगदी मनापासून म्हणाला. त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. मदतीची तयारी होती.

आम्ही त्याला उत्तर दिले नाही. सगळ्यांना हाताची घडी घालून त्या गवताकडे पाहत उभे राहण्यास सांगितले. आठवीच्या मुलांना पाच मिनिटे गप्प उभे करणे म्हणजे काय, हे शिक्षक वाचकच जाणतील. सहाव्या-सातव्या मिनिटाला तोच मुलगा ओरडला, “सर, घास का एक डंडा उड़ गया!” गवताचा एक दांडा खरेच उडाला होता. विटकरी पंख चार-दोन वेळा हलले आणि दहा हातांवर पुन्हा गवतात मिसळून गेले. त्यानंतर तो मुलगा गवत कापण्याविषयी काही बोलला नाही. परतताना त्याने त्या पक्ष्याचे नाव विचारले. बिटर्न हा शब्द त्याला पसंत पडला नाही. पूर्वी लिहावयास बोरू वापरीत, तो अशाच पाणथळ गवताचा असे, हे आम्ही सांगितले तेव्हा त्याने स्वतःच ‘बोरूबगळा’ असे नाव ठेवून टाकले. आमच्या शाळेत आता तेच चालते. मारुती चितमपल्ली यांनी ‘पक्षिकोशा’साठी नावे गोळा करण्यात केवढे आयुष्य घातले! नावे अशीच कोणाच्या तरी तोंडातून पडत असतील आणि टिपणारा भेटला तर राहत असतील.

त्या मुलाचा प्रश्न मात्र सोडून देण्याजोगा नाही. स्वच्छता ही मोठी गोष्ट आहे आणि आमच्या शहराने ती करून दाखविली आहे. परंतु घर झाडण्याचा नियम तळ्याला जसाच्या तसा लागू होत नाही. तळ्याच्या काठी तीन गोष्टी असतात आणि त्या वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. पहिली घाण. गटाराचे पाणी, प्लॅस्टिक, निर्माल्याच्या पिशव्या, विरघळत नसलेल्या मूर्ती. ही आपण टाकतो आणि ती निघालीच पाहिजे. दुसरे उपरे तण. जलपर्णी आणि बेशरम यांनी एकदा पाय रोवले की पाणी दिसेनासे होते. तेही आवरले पाहिजे. तिसरा तो गबाळेपणा, जो तळ्याचा स्वतःचा आहे. पाणकणीस, लव्हाळे, शेवाळ, उतरता चिखलाचा काठ, पाण्यात अर्धवट कललेली बाभूळ. हा दिसावयास ओंगळ असतो, पण तेच बगळ्यांचे स्वयंपाकघर, तीच माजघर, तीच बाळंतिणीची खोली.

हे कसे, ते साध्या मापांनी सांगता येते. लहान बगळ्याला वीतभर पाणी हवे, राखी बगळ्याला हातभर. ते पोहून मासे धरणारे पक्षी नव्हेत. उभे राहून धरणारे आहेत. काठ हळूहळू उतरता असला तर पाणी जसजसे आटते तसतशी ही वीतभर पाण्याची पट्टी आत सरकत जाते आणि बगळेही तिच्याबरोबर सरकतात. काठाला उभी दगडी भिंत बांधली की एका पावलात कोरडे आणि दुसऱ्यात पुरुषभर खोल, असे होते. तळे राहते, पाणी राहते, मासेही राहतात. उभे राहावयास जागा तेवढी राहत नाही. बोरूबगळ्याला तर पाणकणीस कापले त्या दिवशीच बेघर व्हावे लागते.

आमच्या पाहण्यात एक लहान तळे होते. ते कोठले, हे सांगण्याचे कारण नाही. त्याचे सुशोभीकरण झाले: सभोवार फरसबंद वाट, रंगीत दिवे, मध्ये कारंजे, काठावर सिमेंटचे दोन पांढरेशुभ्र बगळे. खरे बगळे त्या वर्षापासून येईनासे झाले. ज्यांनी ते काम केले त्यांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही. लोकांना फिरावयास जागा हवी, म्हाताऱ्या माणसांना बसावयास बाक हवा. परंतु वाट तळ्याच्या एका अंगाला ठेवून दुसरे अंग जसे आहे तसे राहू देता आले असते. दिवे काही हात मागे घेता आले असते. एवढ्याने रातबगळ्यांचा संसार वाचला असता.

बगळ्यांवर याहून मोठे संकट पूर्वी येऊन गेले आहे. विणीच्या दिवसांत पांढऱ्या बगळ्यांच्या पाठीवर जाळीदार तलम पिसे येतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेतील स्त्रियांच्या टोप्यांसाठी या पिसांना सोन्याचे मोल आले. पिसे विणीच्या काळातच येत असल्यामुळे पक्षी मारला की घरट्यातली पिलेही उपाशी मरत. हिंदुस्थानातून पिसे बाहेर पाठविण्यास १९०२ साली सरकारने बंदी केली. ब्रिटनने १९२१ साली आयातीविरुद्ध कायदा केला. टोप्यांची फॅशन गेली, बगळे राहिले. तेव्हा शत्रू बंदूक घेऊन आला होता, म्हणून तो ओळखू आला. आता जे येते ते सौंदर्याच्या आणि स्वच्छतेच्या नावाने येते. ते ओळखणे कठीण आहे.

आमचे वाचक नाना गावी विखुरलेले आहेत. वडोदेकरांना सयाजीरावांच्या काळात बांधलेला वढवाणा तलाव जवळ आहे. २०२१ पासून तोही रामसर यादीत आहे. गोमंतकीय वाचकांना कुडचड्याचे नंदा तळे आणि करमळीचे तळे आहे. ग्वाल्हेरीस तिघरा आहे. जेथे यांतले काहीच नाही तेथे गावाबाहेर एखादे डबके असतेच, आणि ढोकरीला तेवढे पुरते. एका रविवारी मुलानातवंडांस घेऊन जावे. बगळ्यांची माळ डोक्यावरून गेली की नखे एकमेकांवर घासून पांढरी टिकली मागण्याचा जो खेळ आपण लहानपणी खेळलो, तो त्यांना शिकवावा. पक्ष्यांची नावे मराठीत सांगावी. परमुलखात भाषा राहते ती अशाच जागी राहते. आणि आपल्या तळ्याच्या सुशोभीकरणाचा आराखडा जेव्हा नगरपालिकेत येईल तेव्हा चार मंडळींनी मिळून एक अर्ज अवश्य करावा, की काठाचा एक तृतीयांश भाग तरी कृपा करून गबाळाच ठेवावा. असे अर्ज लिहिण्यात आमच्या पिढीचा हात चांगला बसलेला आहे. त्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.

पंचतंत्रातील बगळ्याने तळे आटणार म्हणून जी थाप मारली, ती आता थाप राहिलेली नाही. ठिकठिकाणची तळी खरोखरच आटत आहेत, बुजत आहेत, भिंतींत कोंडली जात आहेत. अशा वेळी वीतभर पाण्यात एका पायावर उभा असलेला तो पक्षी आम्हांस दुसऱ्या कथेतला वाटतो. त्याने काही विचारले तरी त्याचे प्रश्न धर्मराजाला विचारलेल्या प्रश्नांइतके गहन नसतील. या पाण्यात काय सोडतोस? हा काठ कोणासाठी बांधतोस? तुझ्यामागून येणाऱ्यांना येथे काय दिसेल? उत्तरे न देता पाणी पिणाऱ्या चौघांचे काय झाले, ते सर्वांस विदितच आहे.